चारचौघांत भाव

मोठ्या दुकानांच्या कंपनीची मुलाखत म्हणजे एकदा जायचं, विचारतील ते सांगायचं आणि घरी यायचं, अशी माझी समजूत होती. मुलीच्या वेळी कळलं की फेऱ्या तीन असतात. पहिली फोनवर. शिक्षण काय, पगार किती हवा. पगाराचा आकडा सांगायला ती फोन घेऊन गोठ्यामागे गेली, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसरी कॉम्प्युटरवर, गणिताची. शंभर किलो टोमॅटोत आठ किलो खराब निघाला तर विक्रीचा दर काय धरायचा, असली गणितं. ती आम्ही दोघांनी आधी घोटून घेतली होती. तिसरी पुण्याच्या ऑफिसात, समोरासमोर.

जागा भाजीपाला खरेदीची होती, नारायणगावच्या केंद्रावर. मिळाली तर ती बेल्ह्याच्या घरून रोज जाऊन-येऊन करणार होती. नाही मिळाली तर पुण्यात खोली घेऊन दुसरी नोकरी शोधायची, हे ठरलं होतं. खोलीचा विषय निघाला की तिची आई उठून आत जायची.

तिसऱ्या फेरीला मी खाली पार्किंगमध्ये थांबलो. आत काय झालं ते तिनं परतीच्या एसटीत सांगितलं. समोर तीन साहेब. गिऱ्हाईक चिडलं तर काय कराल, सणाच्या दिवशी याल का, हे आधी विचारलं. मग एक साहेब शेतकरी झाले आणि म्हणाले, माल आणलाय, भाव करा. बाकीचे दोघे पेन घेऊन बसले.

तिचे मामा जनावरांचे व्यापारी. लहानपणापासून ती त्यांच्याबरोबर बेल्ह्याच्या बाजारात जायची. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. आकडा तिसऱ्याला कळला की सौदा नासला. तिनं शेतकरी झालेल्या साहेबांना बाहेर बोलावलं, पॅसेजमध्ये हळू आवाजात भाव ठरवला आणि आत येऊन बसली.

"मग?"

"मग काय पप्पा, ते दोघे म्हणाले, आम्ही काहीच ऐकलं नाही, मार्क कशाचे देऊ?"

निम्मे मार्क त्या सौद्याला होते आणि पास व्हायला साठ टक्के लागत होते. बाकीचे सगळे मिळाले तरी पास होणं शक्य नव्हतं. मी तिकिटाच्या मागे हिशेब करून पाहिला.

पुढच्या आठवड्यात फोन आला. शेतकरी झालेल्या साहेबांना तिचा सौदा आवडला होता. परत या, सौदा आमच्यासमोर करा. त्या संध्याकाळी घरी तालीम केली. मामा शेतकरी, आम्ही नवराबायको साहेब. मामांनी आमच्याकडे पाहिलं आणि भाचीचा हात धरायला गेले.

"मामा, तोंडानं बोला."

"दाजी बसल्यात की समोर."

"म्हणून तर बोलायचं."

"चारचौघांत आकडा बोलायला जीभ उचलत नाय, बाई."

शेवटी त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीला भाव सांगितला. तिनं मात्र आमच्याकडे बघत, मोठ्यानं, तो दोनदा तोडला. ऑफिसात तिनं तसंच केलं. कान तापले होते म्हणाली.

मेल आला तेव्हा ओसरीवर शेजारीपाजारी बसले होते. तिनं तो सगळ्यांसमोर वाचला. निवड झाली, केंद्र नारायणगाव. तिची आई या वेळी जागची उठली नाही, सकाळची एसटी कितीची ते विचारू लागली. पगाराची ओळ आली तशी मुलगी थांबली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.