कालापाती

वेल्सला जायची कल्पना माझ्या नवऱ्याची. मस्कतमधली आमच्या ओळखीची माणसं सुट्टीत गावी जातात, फार तर दुबईला. त्याला मात्र पाटीच्या दगडाची एक बंद पडलेली खाण बघायची होती. तो यंत्रांमध्ये रमणारा माणूस. माणसांनी डोंगराच्या पोटात शिरून दगडाचे पापुद्रे कसे काढले असतील, याचं त्याला मोठं कुतूहल होतं. फ्रिजवर त्याने एक यादी लावली होती. पहिल्या ओळीत खाण. दुसरीत एक तळं, ज्यातून एक बाई वर आली होती असं तिथले लोक सांगतात. तिसरीत धबधबा, आणि त्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'बायकोसाठी. पुस्तक घेऊन बसायला जागा आहे.'

वेल्स राहूनच गेलं. गेल्या मार्चमध्ये तो वारला. यादी फ्रिजवरच राहिली. ती काढावी असं मला कधी वाटलं नाही आणि मुलीनेही कधी विषय काढला नाही. मग डिसेंबरमध्ये एकदा फ्रिजमधून दूध काढता काढता ती म्हणाली, "आई, हे सगळा इथे पण आहे."

"हे सगळं," मी म्हणाले.

"हां, सगळं. खाणच्या ऐवजी सूर गावात ढाऊ, लाकडाच्या बोटी, बनवतात ती जागा. तळा पण आहे, स्टोरीवाला. धबधबा नाही, पण वादी आहे, डोंगरातली नदी."

ती बारा वर्षांची आहे. इथेच जन्मली, इथेच शाळेत जाते. तिच्या मराठीत नपुंसकलिंग फारसं टिकत नाही. पण तिने यादी एवढी नीट वाचली असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

जानेवारीत माझे सासरे तीन आठवड्यांसाठी आले. मालवणकडच्या एका खाडीच्या काठी त्यांनी आयुष्यभर होड्या आणि मचवे बांधले. मुलगा जिवंत असताना ते इथे कधी आले नाहीत. आता आले त्यामागे कारण होतं. बाईमाणसाने मुलीला घेऊन परमुलखात एकटीने राहू नये, असं घरातल्यांचं मत पडलं होतं. चुलतसासरे, दीर, सगळे फोनवर तेच बोलत. सासरे एवढंच म्हणाले होते, "मी जावन बघतंय. मगे सांगतंय."

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या ज्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथे मला फेब्रुवारीअखेर कळवायचं होतं, पुढच्या वर्षी मी असेन की नाही ते. मला राहायचं होतं. माझं काम इथे होतं, मुलीचं सगळं जग इथे होतं, आणि ज्या घरात आम्ही तिघं होतो ते घरही इथेच होतं. सासऱ्यांच्या मनाविरुद्ध राहता आलं नसतं असं नाही. पण लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा माझ्याबरोबर पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या आणि सासरच्या बायका त्यावरून हसल्या होत्या. सासरे काही बोलले नव्हते. आठ दिवसांनी त्यांनी मचव्याच्या उरलेल्या फळ्यांचं एक कपाट करून माझ्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्या माणसाला दुखवून मी इथे राहिले असते, पण सुखाने राहिले नसते.

पहिले पंधरा दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. सकाळी खिडकीशी बसून शाळेच्या बसेस बघायचे. संध्याकाळी आम्ही त्यांना कुरुमच्या किनाऱ्यावर न्यायचो, तिथे वाळूत उभं राहून ते समुद्राकडे बघत. मुलाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, आम्हीही घेतलं नाही. नातीशी बोलायला त्यांच्याकडे मालवणी, तिच्याकडे इंग्रजी. मधल्या मराठीवर दोघं चाचपडत उभी असत.

एका शुक्रवारी सकाळी आम्ही मुलीने सांगितलेल्या त्या तीन जागा बघायला निघालो. गाडी नवऱ्याची. लांबच्या रस्त्यावर ती मी पहिल्यांदाच नेत होते. सासरे पुढे बसले आणि त्यांनी दरवाजावरची मूठ धरली, ती शंभर किलोमीटर सोडली नाही.

"बाबा, पट्टा लावलाय ना, मूठ सोडा की," मी म्हणाले.

"माझा हात माका ठेवूदे खंय ठेवूचो तो," ते म्हणाले. "तू फुडे बघ."

मागून मुलगी म्हणाली, "यल्ला आजोबा, रिलॅक्स."

"यल्ला म्हणजे काय गो?"

"म्हणजे चला."

"चल्लंय तर खरा."

तळ्यापाशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. सपाट माळावर एकदम एक मोठा गोल खड्डा आहे, आत हिरवंनिळं पाणी, उतरायला पायऱ्या. मुलीने वाचून तयारी केली होती.

"आजोबा, इथे स्टार पडला होता आकाशातून. म्हणून हा खड्डा झाला."

सासऱ्यांनी वाकून खाली पाहिलं. "मगे तारो खंय गेलो?"

"खरंच नाही पडला. खाली लाइमस्टोन होता, तो पाण्यात मेल्ट झाला."

"विरघळला," मी म्हणाले.

"हां, विरघळला. स्टार ही नुसती स्टोरी आहे."

"तूच तारो पाडलंस, नि तूच उचललंस," सासरे म्हणाले. पण ते खाली उतरले. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी पाण्यात पाय सोडले. बारीक मासे येऊन टाचांना लागले तसे ते दचकले.

"चावत नाहीत. डेड स्किन खातात."

"मरूदे. म्हाताऱ्याची कातडी भरपूर आसा. खावा."

मुलगी त्यांच्या शेजारी पाय सोडून बसली. दोघंही मासे बघत होती. मी एक पायरी वर थांबले. तिथून मला दोघांच्या माना दिसत होत्या, सारख्याच बारीक आणि सारख्याच पुढे झुकलेल्या.

दुपारी वादीत शिरलो. आधी होडीतून एक छोटं पात्र ओलांडायचं, मग डोंगरांच्या मधल्या वाटेने चालायचं. होडीवाल्याने हात पुढे केला तर सासऱ्यांनी तो धरला नाही, पाऊल नेमकं मधोमध टाकून बसले. पलीकडे खजुरीच्या सावलीत कडेकडेने सिमेंटचा अरुंद पाट वाहत होता. इथे त्याला फलज म्हणतात. डोंगरातलं पाणी त्यातून बागांना जातं. सासरे तिथेच थांबले.

"पाणी सोडता कोण?"

"पाळ्या असतात म्हणे. कुणाची किती वेळ, ते ठरलेलं असतं."

"भांडणा होत असतली."

"होत असणार."

"मगे आमच्यासारख्याच," ते समाधानाने म्हणाले, आणि पाटाच्या कडेला बैठक मारली. मुलगी पुढे पोहायच्या डोहाकडे गेली, बऱ्याच बायकामुलांचा एक घोळका होता त्यांच्या मागोमाग. मी पिशवीतून पुस्तक काढलं. दोन पानं झाली असतील.

"शाळेत कधी सांगूचा?" त्यांनी विचारलं.

"महिन्याअखेर."

"हां."

ते पाटातल्या पाण्याकडे बघायला लागले. माझं ते पान मी चार वेळा वाचलं. मुलगी परत आली ती ओल्या केसांनी, एका ओमानी मुलीशी अरबीत बोलत. शाळेत ती अरबी शिकते हे मला ठाऊक होतं, पण तिला त्या भाषेत कुणाची थट्टा करता येते हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. सासरेही बघत होते.

"ही काय बोलता?"

"मला नाही कळत, बाबा."

"तुकाय नाय?" ते म्हणाले, आणि विचारात पडले. त्या विचाराचा अर्थ मी वाईट लावला: नात परकी होत चालली, असंच त्यांना वाटलं असणार.

रात्रीपुरते सूरमधल्या एका साध्या हॉटेलात राहिलो आणि सकाळी ढाऊच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे समुद्राच्या फाट्याशी एक उघडं आवार. एकेकाळी इथली जहाजं आपल्या किनाऱ्यापर्यंत आणि आफ्रिकेपर्यंत जायची. आता एखादंच काम चालू असतं. त्या दिवशी एक अर्धी झालेली ढाऊ टेकूंवर उभी होती, तिच्या पोटाशी लाकडाचा भुसा पडला होता. एक म्हातारा ओमानी कारागीर, डोक्याला नक्षीची टोपी, दोन फळ्यांमधल्या सांध्यात काहीतरी ठोकत होता.

सासऱ्यांनी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते त्या ढाऊला एक पूर्ण फेरी घालून आले. मग फळीवर तळहात ठेवला, वास घेतला. "साग," ते म्हणाले. "आपल्याकडचो असतलो." म्हाताऱ्याच्या मागे उभं राहून ते बराच वेळ त्याचं काम बघत राहिले.

"हय पोकळ आसा," ते मला म्हणाले. "कालापाती बराबर बसली नाय. सांग तेका."

मला तो शब्दच माहीत नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काळा पती?" ती म्हणाली. "ब्लॅक हजबंड?"

मी तिला थांबवायला हात पुढे केला. नवरा हा शब्द आमच्या घरात कित्येक महिने कुणी उच्चारला नव्हता. सासऱ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"काळो पती तुझ्या आजयेक गावलेलो," ते म्हणाले. हसू त्यांना आवरत नव्हतं. "सगळी वाडी तिका चिडवी. नि तुझ्या आयशीकय काळोच गावलो. माझो झील माझ्यावरच गेलेलो."

मीही हसले. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसले. सासरेही गमछाने तोंड पुसत होते. मुलीला आपलं काय चुकलं ते अजून कळलं नव्हतं, पण पप्पाविषयी कुणीतरी बोललं आणि कुणी गप्प झालं नाही, एवढं तिला कळलं. "पप्पा तर खूपच काळा होता," ती म्हणाली. "फोटोत फक्त दात दिसायचे."

म्हातारा काम थांबवून आमच्याकडे बघत होता. मुलीने त्याला अरबीत काहीतरी सांगितलं, त्यात 'कालापाती' हा शब्द आला.

"कलफात," तो मान हलवत म्हणाला, आणि सांध्यावर बोट ठेवलं. "कलफात."

"तांच," सासरे म्हणाले. "कालापाती."

दोघांनी तो शब्द तीन-चार वेळा एकमेकांना म्हणून दाखवला. फळ्यांच्या फटीत तेलाने भिजवलेली कापसाची वात ठोकून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. त्या कामाला दोन्ही किनाऱ्यांवर थोड्या फरकाने एकच नाव होतं. म्हाताऱ्याने आपली मोगरी आणि पटाशी पुढे केली. सासऱ्यांनी बोटांनी वात दाबली, पटाशी लावली आणि ठोकायला सुरुवात केली. दर दोन ठोक्यांनी ते कान पुढे करत. आधी आवाज फुटक्या मडक्यासारखा येत होता. मग तो हळूहळू घट्ट होत गेला.

"आवाज बदललो काय भरला म्हणूचा," त्यांनी नातीला सांगितलं. "डोळ्यांनी दिसना नाय. ऐक."

तिने मोगरी घेतली. चार ठोके चुकीचे गेले. पाचव्याला ती म्हणाली, "आता?"

"आजून नाय."

"आता?"

"आता भरला." त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. "तुझ्या बापाशीचो कान असोच. सात-आठ वर्सांचो असताना माझ्या आदी सांगी, भरला म्हणान. मगे एक दिवस मीच तेच्या हातातली मोगरी काढून घेतलंय. म्हटलंय, शाळेत जा."

"त्याला आवडत होतं तर का काढली?"

"माका वाटला, ह्याच करीत ऱ्हवतलो."

मुलगी विचार करत होती. "मग पप्पा मस्कतला आलाच नसता. मग मी पण नसते."

सासऱ्यांनी तिच्या हातातली मोगरी घेतली नाही. तिनेच ती म्हाताऱ्याला परत दिली, 'शुक्रन' म्हणत आभार मानून.

नंतर किनाऱ्यावरच्या रस्त्यावर एका टपरीवर करक, म्हणजे दुधाचा कडक चहा घेतला आणि बाकावर बसलो. मुलगी पुढे जाऊन कठड्यावर वाकून बोटी बघत होती. मी ठरवलं की आता विचारायचंच.

"बाबा, तुम्ही काय ठरवलंत?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी बघूक इलंय असा तुमका सांगितलंय. तां खोटा. मी न्हेवकच इलंय. माडीवरची खोली रंगवन घेतलंय. नवी खाट हाडलंय. सगळ्यांका सांगून इलंय, घेवन येतंय म्हणान."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी ग्लास खाली ठेवला.

"घर खावक येता," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "म्हटलंय, चेडू येयत, तू येशीत, जरा आवाज होयत घरात. तुमची काळजी म्हणान नाय. माझ्यासाठीच."

"तसं होतं तर मला सांगायचं, बाबा."

"कसा सांगूचा? सून हस तू." मग त्यांनी हनुवटीने कठड्याकडे खूण केली. "ता थय येवन काय करीत? माझ्या तोंडाकडे बघीत बसतला. हय बघ कसा, त्या म्हाताऱ्याक सांगितल्यान, म्हणान तेणा माझ्या हातात मोगरी दिली."

राहायला मिळावं म्हणून मी पंधरा दिवस मनात वाद घालत होते, मुद्दे जुळवत होते. आता त्यातला एकही मुद्दा मांडायची वेळ आली नाही, आणि समोर होती ती गावची नवी रंगवलेली रिकामी खोली.

त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि धाकट्या भावाला लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता.

"हां, मीच. नाय, सून हयच ऱ्हवतली, चेडवाची शाळा आसा... एकटी कित्याक? दोघा आसत... तू माका शिकव नको. कोणाक काय इचारूचा आसात तर माका इचारूक सांग, तिका फोन करूक नको म्हणा. मी सांगतंय तां शेवटचा."

मग फोन छातीशी धरून त्यांनी हाक मारली. "गो बाय, तुझी सुटी कधी?"

"जून आणि जुलै."

"पुरी सुटी येशीत काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "येणार," ती म्हणाली.

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "जूनात येतली. खोली तशीच ठेव, भाताची पोती घालू नको तिच्यात." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आंबे खंयचे गावतत तेव्हा? संपतले," सासरे म्हणाले. "पण फणस आसतले."