मनकर्णाबाईंची शनिवारची शाळा

सोनपेठकडून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अंगाला गेलं की एक गाव लागतं. तिथलं जिल्हा परिषदेचं हायस्कूल म्हणजे मुळात निजामाच्या काळातली पोलीसचौकी. जाड दगडी भिंती, बारीक खिडक्या, पुढं मोठं पटांगण. निजामाचं राज्य गेलं, चौकी उठली आणि तिथं मुलं बसू लागली. वर्ग वाढत वाढत हायस्कूल झालं. गणिताच्या मनकर्णाबाई याच शाळेत शिकल्या, गावच्या बौद्धवाड्यातून येऊन.

त्या दहावीत होत्या तेव्हा, १९७८च्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. या गावातही भर दुपारी वस्तीतली घरं पेटवली. लोक लेकरंबाळं घेऊन शाळेकडं धावले. न जळणारी इमारत गावात तेवढीच होती. हेडमास्तर बन्सीधर गुरुजींनी सगळ्यांना आत घेतलं. खिडकीतून मनकर्णाला बाहेरचा घोळका दिसत होता. त्यात गावातला आश्रुबा हाताची घडी घालून उभा होता. त्यानं काडी लावली नाही, पण कुणाला अडवलंही नाही.

घरचे परभणीला गेले. वडील मालधक्क्यावर हमाली करू लागले. मनकर्णानं बी.एड. केलं, नोकरी लागली आणि काही वर्षांनी बदली झाली ती नेमकी या गावाला.

"दुसरं गाव माग," आई, सुलाबाई, म्हणाली. "तितं पाय ठिवू नगं."

बाई गेल्याच. शाळेजवळ खोली घेतली, मन लावून शिकवलं. गाव नमस्कार करायचं, पण त्या नमस्काराच्या आत काय आहे ते त्यांना कळायचं नाही. बाजाराला जाताना त्या काही गल्ल्या टाळूनच जात.

१९९४च्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. रेडिओवर बातमी आली आणि गाव चिडीचूप झालं. हेडमास्तर दत्तराव बाईंच्या दारात आले.

"बाई, उद्या सुट्टी देऊन टाकू. कशाला जोखीम?"

"सर, सुट्टी दिली की लोकांना वाटंल, काहीतरी होणार हाय. शाळा भरू द्या."

दत्तरावांनी मान डोलावली. "बरं," म्हणाले.

शनिवारची सकाळची शाळा. घंटा झाली तरी पटांगण मोकळं. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. तेवढ्यात फाटकातून आश्रुबा आत आला आणि सरळ त्यांच्याकडं चालू लागला. म्हातारा झाला होता, पण चाल तीच. बाईंना ती दुपार आठवली. जागा मात्र त्यांनी सोडली नाही.

"बाई, एक इचारायचं व्हतं."

"विचारा."

"आमच्या नातीचं, कमलचं, गणित लय कच्चं हाय. चाचणीत गेली बगा. शाळा सुटल्यावर तिला जरा बसवून घ्या की. घरी कुणाला येतंय ते?"

"एवढ्यासाठी आलात?"

"मंग? आनखी कशापायी येणार?"

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "पाठवा तिला," एवढंच म्हणाल्या. त्या दुपारबद्दल आश्रुबा काही बोलला नाही, बाईंनीही विचारलं नाही. ते तसंच राहिलं.

तोवर पोरं येऊ लागली होती, गावातली आणि वस्तीतली, एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवत. प्रार्थना झाली. दत्तराव खुर्चीत बसले आणि मोठ्यानं "हुश्श" म्हणाले. आख्खा व्हरांडा हसला. शाळा सुटल्यावर कमलला अपूर्णांक शिकवून बाई घरी निघाल्या, त्या मुद्दाम गावातून, इतकी वर्षं टाळलेल्या गल्ल्यांनी.

जूनमध्ये हायस्कूल गायरानावरच्या नव्या इमारतीत गेलं. मोठ्या खिडक्या, चहूकडून वारा. त्याआधी उन्हाळ्यात सुलाबाई सोळा वर्षांत पहिल्यांदाच गावात आली, एसटीनं, लेकीकडं राहायला. खोलीत पिशवी ठेवली, पदरानं घाम पुसला आणि विचारलं,

"मने, पानी कुठून आनतीस?"

"समोरच्या, गावच्या हापशावरून."

"दे मंग घागर," म्हणाली आणि बाहेर पडली.