बहिणीने मला वेगळ्या लेयरवर काढलं

मित्रांनो, आज जेवणाच्या सुट्टीत बदलापूरहून छोट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. शाळेत चित्रकलेच्या तासाला टॅबवर काढलेलं आमचं घर दाखवत होती. चित्रात आई, पप्पा, ती. मी नाहीच!

"ए चिमणे, मी कुठंय?"

तिने बटण दाबलं, मी आईच्या बाजूला उभा. परत दाबलं, गायब.

"टीचरनी शिकवलं. तुला वेगळ्या लेयरवर, म्हणजे वर ठेवलेल्या वेगळ्या पारदर्शक कागदावर काढलंय दादा. तू घरी नसतोस ना."

"मग मला सगळ्यांच्यात चिकटव की."

"मग परत वेगळं करता नाही येणार, बघ हां."

मागून आई ओरडली, "चिकटव गं! एका जागी टिकतोय कुठं तो!"

तिने चिकटवलं. इथे कतारच्या कॅन्टीनमध्ये मी जेवण सोडून तेच चित्र बघत बसलो.

लांब कामाला असलेल्यांनो, तुमचं पण असंच होतं काय रे?