लाल ठोकळा आणि पाच दिवसांचा गणपती

मी आयुष्यात मनापासून प्रार्थना फक्त पाच दिवस केली, आणि तीही एका प्लॅस्टिकच्या ठोकळ्यासाठी.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझा मेहुणा तेव्हा मस्कतला होता. त्याने आमच्या मुलासाठी एकात एक बसणाऱ्या रंगीत ठोकळ्यांचा भलामोठा डबा पाठवला. मुलगा रांगत होता. त्याने पहिला ठोकळा सरळ तोंडात घातला, तेव्हा त्याच्या जिवाच्या काळजीने मी डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. (पुढे मुलाला दाढीमिश्या आल्या, तरी माझी ती काळजी काही मिटली नाही.)

मी गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचो. शाळा सुटली की दार लोटून ठोकळे पसरायचे. मी मालवणचा धक्का बांधला, खारेपाटणचा पूल खांबांसकट बांधला. ठोकळ्यावर ठोकळा दाबला की ‘टिक’ असा आवाज व्हायचा आणि दिवसभराचा शीण जायचा. हे सुख माझे वडील, म्हणजे आबा, यांना अजिबात मान्य नव्हतं. आबा अंगणात खाकरले तरी माडावर चढलेला माणूस कारण नसताना खाली उतरायचा, असा त्यांचा दरारा!

“मास्तर, ही खेळणी झिलाक इली काय बापाशीक?” ते दारातूनच विचारायचे.

त्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर गणपतीच्या चौरंगाला वाळवी लागलेली सापडली. सुतार हातचं काम सोडून यायला तयार नव्हता. मला वाटलं, हीच वेळ आहे!

“आबा, सिंहासन मी करतो. ठोकळ्यांचं.”

“देवाक खेळण्यार बसयतलंस?”

“खेळणं नाही, आबा, गणित आहे ते! हत्ती बसवला तरी हलणार नाही!”

(कोणाला बसवतोय, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.)

आबा “बघ हां,” एवढंच म्हणाले. आबांचं ओरडणं परवडतं, ‘बघ हां’ परवडत नाही.

सिंहासन सुरेख झालं. ठोकळे थोडे कमी पडले म्हणून आतून पोकळ ठेवलं. वर दोन नारळ ठेवून मजबुती तपासली आणि निश्चिंत झालो. आमच्याकडे घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे पाठवतात आणि तो त्या पाटावरच मूर्ती घडवतो. यंदा आबांची पंचाहत्तरी म्हणून त्याने माती घालताना हात सैल सोडला होता. चार माणसं मूर्ती घेऊन घामाघूम होऊन आली, तेव्हा माझे दोन नारळ मला आठवले.

पूजा झाली. प्राणप्रतिष्ठा झाली. भटजी म्हणाले, “आता उत्तरपूजेपर्यंत मूर्तीला धक्का नाही लावायचा.”

आणि सिंहासन म्हणालं, “टिक.”

कुणालाच ऐकू आलं नाही. पण ठोकळा बसताना कसा वाजतो आणि सुटताना कसा वाजतो, हे मला झोपेतही कळतं. हा सुटतानाचा होता! वाकून पाहिलं, तर मागच्या कोपऱ्यातला लाल ठोकळा जागचा सरकून नखाएवढी फट पडली होती. मूर्ती आता हलवता येत नाही. आणि पडली, भंगली, तर? चतुर्थीला, आबांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या पंचाहत्तरीच्या वर्षी! तो धक्का आबांना सोसणार नाही!

मी त्या कोपऱ्याला तळहात लावून खाली बसलो, तो बसलोच.

“अवो, जेवक चला,” माझी बायको सुमन म्हणाली.

“इथेच आण.”

“तुमका अंगात येता काय?”

मी तिच्या कानात खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “अगो बाय माझे! हयसर सांजेक फुगडेक बायका येतली!”

आल्या की! मी विनवलं, “आज फुगड्या मागच्या पडवीत घाला ना.”

“देवाम्होरा नाय तर काय गोठ्यात घालू, मास्तरानू?” म्हणत त्यांनी पदर खोचले. जमीन धमधमू लागली. देवाच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीतले, म्हणजे माटवीतले नारळ, काकड्या झुलू लागल्या. टिक! टिक! मी डोळे मिटून दोन्ही हातांनी सिंहासनाला मिठी मारली. बायका फुगडी थांबवून बघतच राहिल्या.

“बघा गो, केदी ती भक्ती! नायतर आमचे घोव!”

दुसऱ्या दिवसापासून वाडीतली माणसं गणपतीला नमस्कार करून मलाही करू लागली. मला उठता येईना. आंघोळीला जायचं तर सुमन कोपरा धरायची. समई जवळ आली की प्लॅस्टिक मऊ होईल म्हणून मी ती पायाने हळूच लांब सारायचो, आणि आबा येऊन पुन्हा जवळ ठेवायचे. भजनात कुणी मृदंगावर जोरात थाप मारली की माझ्या घशातून “देवा रे!” अशी हाक निघायची आणि भजनी मंडळ चेकाळून आणखी जोरात वाजवायचं.

चौथ्या दिवशी सिंहासनाच्या पोकळीत उंदीर शिरला.

आत कुरतडल्याचा आवाज! मी काठी मागितली. आबा गरजले, “हात लावू नको! वाहन आसा तां देवाचां!”

“अहो, पण आबा, ते आतून...”

“मोदक ठेव तेका!”

मी उंदराला मोदक वाढला आणि हात जोडले. यापुढे ठोकळ्यांना शिवणार नाही, असं देवाला कबूल केलं.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. चौघांनी पाट उचलला, “मोरया!” झालं, मूर्ती उंबऱ्याबाहेर पडली, आणि माझ्या हाताखाली सिंहासन खळ्ळकन कोसळलं. मला रडूच फुटलं. सगळे मूर्तीमागून नदीकडे गेले होते, कुणी पाहिलं नाही, असं वाटलं. मान वळवली तर दारात आबा! गुडघ्यांमुळे ते नदीवर जात नसत, हे मी विसरलो होतो.

आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली. आबा काठी टेकत आले, वाकले, लाल ठोकळा उचलून उलटसुलट पाहिला.

“हो खंय बसतलो?”

मी दाखवलं. त्यांनी दाबला. टिक!

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा उचलला. टिक! मग तिसरा. लोक नदीवरून पाटावर वाळू घेऊन परतले, तोवर आबा मांडी घालून चौथ्या थरावर आले होते, आणि मध्ये लुडबुड करतो म्हणून मला दोनदा ओरडले होते.

पुढच्या चतुर्थीला नवा चौरंग तयार होता. आबांनी तो माळ्यावर टाकला. “औंदा सिंहासन मी करतलंय.”

“आणि मी काय करू, आबा?”

“तू आपलो गेल्या वर्सासारखो कोपऱ्याक हात लावन बस. तां तुका बरां जमता.”

तेव्हापासून दर चतुर्थीला मी बसतोय. वाडी मला मोठा भक्त समजते. खरं म्हणजे मी टेकू आहे.