बसायचं ठरलं होतं

शिट्टी वाजली की खाली बसायचं ठरलं होतं. मी चढाईला गेलो.

आमचा कबड्डीचा संघ सांगवीचा. इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो होतो. दुपारी मांडवात पंगत बसली. आमचा कोपरा सांभाळणारा गडी बौद्ध वस्तीतला. वाढप्यानं त्याचं आडनाव विचारलं, हातात कागदी प्लेट दिली आणि त्याला मांडवाबाहेर बसवलं. तो मुकाट जेवला. आम्हाला कळलं तेव्हा आमचे हात धुऊन झाले होते.

कर्णधार म्हणाला, "शिट्टी झाली की सातही जण मैदानात बसायचं. माफी मागंपर्यंत उठायचं न्हाय."

तो गडी म्हणाला, "नगा. एक जरी उभा राह्यला तर मीच उघडा पडंन."

"कोण उभा राहतोय?" हे सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणालो होतो.

आणि शिट्टी वाजली. सवयीनं पाय सुटले. कबड्डी कबड्डी करत मी पलीकडं. समोरचे सातही जण थिजलेले. मला वाटलं, आपल्याला घाबरले! बोनस रेषा ओलांडली, मांडीवर थाप मारली आणि वळून पाहिलं. आमचे सहाजण मांडी घालून बसलेले.

माइकवर आयोजक तात्या ओरडले, "एक खेळतोय! म्हंजी सामना चालू!"

लोकांनी मोबाइल वर केले. त्या गड्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. परत जाऊन मधल्या रेषेला हात लावला, की चढाई पुरी आणि आमचं बसणं खोटं. माझा आवाज बारीक होत गेला. त्यांच्याच अंगणात मी बसकण मारली.

एकानं लगेच माझा घोटा धरला. "काय भानगड हाय रं?"

"आमच्या गड्याला मांडवाबाहेर जेवाय बसवलं."

त्यानं घोटा सोडला. त्यांच्यातलाही कुणी चढाईला निघेना. पंच शिट्टी तोंडात धरून नुसते उभे. तात्या ओरडून ओरडून थांबले. पंगतीतली गोष्ट कुजबुजत गर्दीत पसरली. मग गावातले एक आबा उठले, तात्यांच्या हातातून माइक घेतला आणि त्या गड्यासमोर येऊन म्हणाले, "गावाचं चुकलं, लेका."

मग सामना झाला. आम्ही हरलो. परतीच्या टेम्पोत मी त्याच्याजवळ सरकलो. "चुकलो राव. पण शेवटी बसलो ना मी?"

"तू बसला न्हाईस," तो म्हणाला. "तुजा दम संपला."