नखावरची गावं

"काय खादं रे भो आज?"

माणूस रस्त्यावर आडवा पडलेला, सायकल एकीकडे, चप्पल तिसरीकडे, भोवती बघ्यांची जत्रा, आणि आमचे नाना त्याच्या कानाशी उकिडवे बसून विचारताहेत, आज जेवायला काय होतं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या म्हाताऱ्यालाच गाडीत घालून न्यावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पारोळ्यातल्या एका दवाखान्याच्या गाडीवर मी ड्रायव्हर होतो, नाना मलमपट्टी करणारे ड्रेसर. गाडी म्हणजे कोणीतरी दान दिलेली मॅटाडोर. तिचा सायरन पहिल्याच वर्षी मेला. त्यानंतर सायरन मीच. खिडकीतून डोकं काढून अशी आरोळी ठोकायचो, की पारोळ्यात ओरडलो तर धुळ्याच्या म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. तुम्हाला पटणार नाही. नानांनाही पटायचं नाही. मी टपरीवर रंगात येऊन सांगायचो, "चौदा माणसं काढली त्या बसमधून!" मागून नानांचा थंड आवाज यायचा, "तीन व्हतात."

माझं सगळं आयुष्य त्या माणसाने असं एका आकड्यात आटपलं.

तर, जेवणाचा प्रश्न. नाना म्हणायचे, उत्तर आलं म्हणजे श्वास चालू, जीभ चालू, डोकं चालू. एका सवालात तीन तपासण्या, आणि यंत्र काही लागत नाही. "पण भो, उत्तर ऐकीसन उठू नको. घरच्याले विचार, खरं शे का."

एकदा एक गवंडी माचावरून पडला. आम्ही पोचलो तर गडी उठून बसलेला, वर बिडी मागतोय. मी गाडी वळवायला निघालो. नानांनी विचारलं, "काय खादं आज?" गवंडी हसून म्हणाला, "भरीत नि कळणानी भाकर." नानांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "भरीत ते काल व्हतं. आज डाळ शे."

नानांचा चेहरा उतरला. "धुळं गाठ," एवढंच म्हणाले. मी अशी गाडी हाणली की आमची सावली अर्धा तास उशिरा पोचली. डोक्यात आत रक्त साकळत होतं. गवंडी वाचला. पुढे दर हिवाळ्यात त्याने आम्हाला भरीत खायला घातलं. मी एका बैठकीला अकरा भाकरी खायचो. ("तीन.")

दुसरी त्यांची खोड नखाची. पेशंटचं नख दाबायचं, पांढरं झालं की सोडायचं आणि गावं म्हणायची. "पारोळा, धुळे." तेवढ्यात लाली परत आली तर रक्त खेळतंय. साक्रीपर्यंत गेलं तर गाडी जोरात घ्यायची. "आन पिंपळनेर लागनं तर?" मी विचारलं होतं. नाना म्हणाले, "तवय बोलत बसू नको." या खोडीपायी आख्ख्या पारोळ्यात न दाबलेलं नख उरलं नव्हतं. लग्नात नवरदेवाला आहेर देताना त्याचंही नख दाबलं त्यांनी. मी शेजारीच होतो, "पारोळा, धुळे" मी स्वतः ऐकलं. नवरदेवाला वाटलं, वऱ्हाड कुठून आलं ते सांगताहेत.

आणि तिसरं, जे त्यांनी मला शंभरदा सांगितलं. बरं, दहादा सांगितलं. "वरडस तो थांबी. गप्प शे त्याले पहिले उचल."

त्या दिवशी सकाळी टपरीवर मी भजी मागवली. नानांनी नुसता चहा घेतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. "मना उपास शे." मी दोघांची भजी खाल्ली.

दुपारी वर्दी आली. धुळे रस्त्यावर काळीपिवळी जीप उलटली होती. बाकीचे खरचटून सुटले होते. एका माणसाचा पाय मोडला होता आणि एक म्हातारी आत अडकली होती. माणूस बोंबलत होता, म्हातारी गप्प. नाना अर्थातच म्हातारीकडे, सरपटत आत. तिला त्यांनी बाहेर ढकललं आणि तेवढ्यात जीप कलली. दाराची पट्टी त्यांच्या कानशिलावर बसली.

नाना उठले. टोपी झटकली. "काही नही, टेंगूळ शे," म्हणाले. मी आपला फाजील! त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "काय खादं रे भो आज?"

"शेवभाजी," नाना म्हणाले. "भलती झणझणीत."

सगळे हसले. पाय मोडलेलाही हसला. मी सगळ्यात मोठ्याने.

दोघांना मागे निजवलं, त्यांचे नातेवाईक त्यांच्याजवळ बसवले. नाना माझ्याशेजारी बसले. धुळ्यापर्यंत मी तोंड मिटलं नाही. आत्ताच झालेला अपघात मी नानांना सांगत होतो, तेही तिथे असताना. "पाच माणसं काढली आज आपण, नाना!" नाना काही बोलले नाहीत. मी सात केली. गप्प. नऊ केली. मला वाटलं, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा यांना माझी गोष्ट पटली. त्या आनंदात मी अकरापर्यंत गेलो.

धुळ्याच्या दवाखान्याच्या दारात उतरलो, त्यांच्या बाजूचं दार उघडलं. नाना माझ्या अंगावर कलंडले.

संध्याकाळच्या एसटीने अक्का आल्या. नानांची बायको, आमच्या सगळ्यांच्या अक्का. हातात पितळी डबा. नानांना अजून आतच ठेवलं होतं. अक्का व्हरांड्यात माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भो, त्यासनी काही खादं का? आज चतुर्थी शे. सकायपाईन उपाशी शेतस."

घरच्याले विचार, खरं शे का. मला विचारायचीही गरज नव्हती. त्यांच्या वाटची भजी माझ्याच पोटात होती.

म्हातारी वाचली. पाय मोडलेला चालायला लागला. आजही मी टपरीवर गोष्टी सांगतो, बसमधून चौदाच माणसं निघतात, आणि मी मुद्दाम थोडं थांबतो. मागून कोणी बोलत नाही. पण ही गोष्ट मात्र आहे तेवढीच सांगितली. दोन माणसं होती, नाना. दोनच.

त्या संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, अक्कांशी हळू बोलले, मग आम्हाला आत सोडलं. अक्का उशाशी बसल्या. मी नानांचा हात हातात घेतला. अंगठ्याचं नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं.

पारोळा. धुळे. साक्री. पिंपळनेर.

त्याच्या पुढची गावं नानांनी मला शिकवली नव्हती. मी परत पारोळ्यापासून सुरुवात केली.