सिंहांच्या कागदावरचं बोलावणं

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी नोकरी केलीस का?" केली. सात महिने. ती कशी मिळाली ते थोडक्यात सांगते, कारण ती कशी गेली हे सांगायला मला जास्त आवडतं.

साठ सालच्या पुढेमागे लग्न होऊन मी दिग्रसला आले. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, शिवाय टायपिंगची परीक्षा दिलेली. आमच्या भागाच्या खासदारांना घरी पत्रं टाइप करायला कुणीतरी हवं होतं. सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, महिनाभर नाहीच म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जाय. पन लोकायच्या तोंडी तुहं नाव आलं, का त्या दिवसापासून घरी बसजो." मी मान डोलावली. रोज दुपारी तीन तास मी मशीनसमोर बसायची आणि तेवढे तीन तास मी कुणाची सून नसायची. ते तास मला गमवायचे नव्हते.

निवडणूक जवळ येत होती. पक्षाची सभा ठरली, आणि पक्षाचे चिटणीस चाळीस निमंत्रणांचा मजकूर घेऊन आले. मी म्हटलं, "कोरा कागद संपलाय."

"हा काय एवढा गठ्ठा पडला हाय!"

"तो संसदेच्या कामाचा आहे."

"साहेब संसदेचे, कागद साहेबाचा. टाइप करा बाई, कायले इचार करता?"

खरं सांगते, मी फार विचार केला नाही. तो जाड, गुळगुळीत कागद, वर तीन सिंहांची मुद्रा. त्यावर अक्षर काय उठून दिसायचं! चाळीसच्या चाळीस निमंत्रणं मी एका दुपारी, एकही खाडाखोड न करता संपवली आणि खुशीत घरी आले.

सभा एका कापसाच्या जिनच्या आवारात होती. कापूस अजून यायचा होता, त्यामुळे आवार मोकळं होतं. मी बायकांमध्ये बसले होते. सभा सुरू व्हायच्या आतच फाटकातून बंजारा तांड्यांतले लोक येऊ लागले. आरशांचे घागरे, लाल पागोटी, कडेवर पोरं. दहा आले, वीस आले, मग मोजणंच सोडलं! चिटणीस आनंदाने नुसते धावत होते. एवढी गर्दी त्यांच्या पक्षाने कधी पाहिली नव्हती.

पण प्रत्येकाच्या हातात अर्ज होता. कुणाची जमीन नावावर चढली नव्हती, कुठे विहीर मंजूर होऊन खणली नव्हती. चाळीसांतली काही निमंत्रणं तांड्यांवरही गेली होती. तिथे ती वाचणारं कुणी नव्हतं, पण नाण्यावरचे सिंह सगळ्यांच्या ओळखीचे होते. सिंहांचा कागद आला, म्हणजे सरकारने गाऱ्हाणं ऐकायला बोलावलं!

तेवढ्यात पुसदहून आलेले विरोधी पक्षाचे एक वकील उभे राहिले. "संसदेच्या कागदावर पक्षाची सभा? हा कोणता न्याय?"

चिटणीसांनी माइक धरला. "खोटा आरोप! तो कागद आमचा नाहीच. इरोधकायनं वाटला."

पुढे बसलेला एका तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, उठला. "मंग आमी कायले आलो, भाऊ? सात कोस चालून आलो."

"तुले कोनं तरी फसोलं, नायका."

म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलं, घडी घातली आणि वळला. त्याच्यामागे बायका पोरांना उचलू लागल्या. मी कधी उभी राहिले, कळलंच नाही.

"कागद खरा आहे! मीच टाइप केलाय, खासदारसाहेबांच्या घरी."

मागून एक आवाज: "कोनाची सून व्हय व ते?"

खासदार खुर्चीतून उठले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे निघालेल्या गर्दीकडे. मतं चालत निघालेली दिसली, की माणूस लवकर खरं बोलतो. म्हणाले, "बाई बरोबर सांगतात. चूक आमच्याकडून झाली. नायक, बसा. टेबल आणा रे, अर्ज घेतो."

भाषणं राहिली बाजूला! आपण मागे पडू नये म्हणून वकीलसाहेबांनीही दुसरं टेबल मागवलं, आणि दिवस मावळेपर्यंत दोन्ही पक्ष शेजारीशेजारी अर्ज लिहून घेत बसले. त्या आरोपाची पुढे चौकशी होणार म्हणाले. झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

चिटणीसांनी मला फाटकाशीच गाठलं. "उद्यापासून येऊ नका."

घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बसली ना आता घरी?" रात्रभर बोटं उशीवर टाइप करत होती.

सकाळी दाराशी चार बायका, घागऱ्यांवर रस्त्याची धूळ. "ते सभेत खरं बोलनारी बाई अठीच राह्यते का? आमचे अर्ज राह्यले."

मी आतच थबकले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी चौघींना खालीवर न्याहाळलं. "राह्यते. बसा, पानी प्या." मग आत वळून म्हणाल्या, "ऊठ वं, दऊत आन."

मशीन नव्हतं, हातानेच लिहिलं. पहिला अर्ज तांड्यावर न येणाऱ्या मास्तरचा होता. तिसऱ्या, विहिरीच्या अर्जाला सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "असं मिळमिळीत नोको लिहू. लिही, इहीर खनली नाही तं आमी सबन्या जनी कचेरीत येऊन बसू."